सुटीतील आमचे वाचन आणि एका विद्यार्थ्याचे मत

पुस्तक वाचणे आणि पुस्तकाविषयी मत देणे या दोन क्रिया एकमेकींच्या इतक्या निकट आहेत की, पहिली केली म्हणजे दुसरी आपोआप होतेच, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु वर्गातील वह्या तपासण्याचे काम ज्यांच्या वाट्यास आले आहे त्यांस हा समज किती भ्रामक आहे, याचा अनुभव वारंवार येतो. पुस्तक न वाचता त्याविषयी सुंदर मत देता येते. आणि पुस्तक मनापासून वाचूनही आपले खरे मत लपवून ठेवता येते. या दोहोंपैकी दुसरी गोष्ट अधिक दुःखाची होय. ती आमच्याच हातून एकदा घडून आली, म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले.

गेल्या वर्षी आम्ही एका वर्गास साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक वाचून त्यावर एक पानभर अभिप्राय लिहून आणावयास सांगितले. वह्या आल्या. बहुतेक सर्व वह्यांत पुस्तक 'बोधप्रद', 'हृदयस्पर्शी' आणि 'प्रत्येकाने संग्रही ठेवावे असे' ठरले होते. काही वह्यांतील वाक्ये तर शब्दशः एकच होती. ती मोबाइलच्या पडद्यावरून उतरली होती हे ओळखण्यास फारशा विद्वत्तेची आवश्यकता नव्हती. फक्त एका वहीत निराळा मजकूर होता. श्याम पोहावयास जाण्यास भितो, लपून बसतो आणि आई त्यास मारून विहिरीवर पाठविते, तो प्रसंग वाचून आपणांस आईचा राग आला, असे त्या मुलाने लिहिले होते. आपल्यालाही पाण्याची भीती वाटते आणि मारल्याने ती जात नाही, असेही पुढे एक वाक्य होते. आम्ही त्याखाली तांबड्या शाईने 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला. दोन दिवसांनी वही परत आली. आता त्या वहीतही पुस्तक बोधप्रद व हृदयस्पर्शी झाले होते. आम्ही संतोषाने चांगले गुण दिले.

तो संतोष फार दिवस टिकला नाही. आपण त्या मुलास नेमके काय शिकविले, हा प्रश्न आमच्या मनास टोचू लागला. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही सात पुस्तके गावी नेली आणि जो नियम मुलांस घालावयाचा तो प्रथम स्वतःस घातला. नियम असा की, प्रस्तावना व मलपृष्ठ शेवटी वाचावे. पुस्तक संपताच आपले मत लिहून काढावे. आणि ते मत कोणत्या पानावरून झाले हे दाखविता आले नाही तर ते खोडून टाकावे. त्या सुटीतील टिपणांचा हा गोषवारा आहे. ही मते आमची आहेत, सर्वांची असावीत असा आग्रह मुळीच नाही.

पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. वरसईचे हे भिक्षुक गृहस्थ घरचे कर्ज फेडावे या हेतूने १८५७ साली आपल्या काकांसमवेत उत्तर हिंदुस्थानात निघाले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. वाटेत महूच्या जवळ शिपायांच्या उठावाची कुणकुण लागली, आणि दक्षिणेसाठी निघालेला हा ब्राह्मण त्या प्रचंड वावटळीत सापडला. १८५८ साली इंग्रजांनी झांशी घेतली तेव्हा तो शहरातच होता. गोऱ्या सैनिकांनी केलेली कत्तल व लूट त्याने आडोशास लपून पाहिली. प्रथम सोने-नाणे, मग भांडी, मग धान्य, असा लुटीचा क्रम तो सांगतो. राजवाड्यातील मोठ्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण झाली, तीही तो विसरत नाही. स्वतः मिळविलेले द्रव्य तर त्याने वाटेत लुटारूंच्या हाती गमाविले. शेवटी गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन तो घरी परतला आणि त्याने आईबापांस गंगास्नान घातले. एवढीच त्याची कमाई.

हे पुस्तक आम्हांस अतिशय आवडले, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत सर्वच माणसे शूर असतात किंवा दुष्ट असतात. गोडसे भटजी यांपैकी काहीच नाहीत. ते भितात, भुकेने व्याकुळ होतात, दक्षिणेचा विचार त्यांच्या मनातून जात नाही, आणि हे सर्व ते न लाजता सांगतात. म्हणूनच काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी भेटलेल्या तहानलेल्या राणी लक्ष्मीबाईचे चित्र ते काढतात तेव्हा आमचा त्यांवर विश्वास बसतो. भटजी पाणी काढून देऊ लागतात. पण विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम करावे हे राणीस रुचत नाही आणि ती स्वतः पाणी ओढून पिते. ज्या मनुष्याने आपले भित्रेपण लपविले नाही, त्याने दुसऱ्याचे मोठेपण फुगविले नसेल, असे वाचकाचे मन सहज कौल देते.

या पुस्तकाची आणखी एक हकीकत आमच्या प्रस्तुत विषयास लागू आहे. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून भटजींनी ही हकीकत लिहिली आणि वैद्यांनी ती १९०७ साली प्रसिद्ध केली. परंतु प्रसिद्ध करताना त्यांनी आपल्या हाताने तीत पुष्कळ फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितास धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली काढली. म्हणजे भटजींचे स्वतःचे शब्द वाचकांपर्यंत पोहोचण्यास साठ वर्षे अधिक लागली. वैद्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांच्या प्रेरणेवाचून हे पुस्तक झालेच नसते. तथापि सुधारणाऱ्या हाताने आपला हात केव्हा आवरावा, हा धडा तांबडी शाई वापरणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा, असे आम्हांस वाटले.

दुसरे पुस्तक लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे'. याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. हे पुस्तक आम्ही शाळेत असताना वाचले होते आणि त्या वेळी ते आम्हांस नुसते मौजेचे वाटले होते. या खेपेस ते निराळे वाटले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांस सोवळ्या-ओवळ्याचे विलक्षण वेड होते. बाहेरून घरात येणारा जिन्नस धुतल्यावाचून आत येत नसे, आणि त्या वेडापायी घरातील बायकामुलांचे अपरिमित हाल होत. अशा बापाविषयी लिहिताना एखादा लेखक संतापला असता किंवा रडला असता. लक्ष्मीबाई हसतात, पण त्या हसण्यात दुःख लपविलेले नाही आणि बापाचा द्वेषही नाही. पुढे नारायण वामन टिळकांशी विवाह झाल्यावर त्यांच्या संसाराची कथा सुरू होते. टिळक कवी, दयाळू आणि तापट. घरात उद्याच्या पिठाची पंचाईत असताना ते खिशातील पैसे याचकास देऊन मोकळे होत. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा दोघांची ताटातूट झाली. त्या दिवसांचे वर्णन करताना लक्ष्मीबाई आपला आकांत लपवीत नाहीत, की पतीस दोषीही ठरवीत नाहीत. पुढे दोघांचा संसार पुन्हा एकत्र आला. मनात खोल रुजलेला जातिभेद त्यांनी एका दिवसात झटकून टाकला नाही. आपण कशा अडखळलो, कोठे हट्ट धरला, कोणत्या क्षणी आपणांस आपल्याच वागण्याची लाज वाटली, हे त्या पायरी-पायरीने सांगतात.

आमचे मत असे की, मराठीत गद्य कसे लिहावे हे शिकावयाचे असेल तर विद्यार्थ्याने निबंधमालांच्या पुस्तकांपूर्वी 'स्मृतिचित्रे' वाचावे. लक्ष्मीबाईंस अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, घरच्या घरी. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांस लाभले नाही. तरी टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी पुढे तडीस नेले. त्यांचे वाक्य लहान असते, शब्द माजघरातला असतो आणि त्यात उसने काहीच नसते. आपल्या भाषेत बोलण्याचे ज्याला भय वाटत नाही, त्याला अलंकारांची गरज पडत नाही. पुस्तकात दोष आहे तो एवढाच की, प्रसंगांची गर्दी फार होऊन मधूनमधून सालांचा व गावांचा धागा हातातून निसटतो. मुलांनी शेजारी कागद घेऊन गावांची नावे टिपून ठेवावी, म्हणजे हा त्रास होणार नाही.

तिसरे पुस्तक करमणुकीचे. चिं. वि. जोशी यांचे 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ साली निघाले. लेखक बडोद्यास पाली भाषा शिकवीत असत. गंभीर विद्येचा मनुष्य इतका निर्मळ विनोद लिहू शकतो, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. चिमणराव आणि त्यांचे बंधू गुंड्याभाऊ यांच्या फजितीच्या या कथा आम्ही ओटीवर बसून मोठ्याने वाचल्या. घरातील वृद्ध माणसे आणि लहान मुले एकाच ओळीला हसली, ही गोष्ट दुर्मीळ होय. विनोद करणारा चिमणराव सर्वांत अधिक स्वतःलाच हसतो, हे या यशाचे मर्म आहे. घरच्या स्त्रियांच्या भोळेपणावर कोठे कोठे जे हसे केले आहे, ते मात्र आज आम्हांस रुचले नाही. काही पालक विनोदी पुस्तक मुलाच्या हातात दिसले की 'अभ्यास कर' म्हणतात. त्यांस आमची विनंती अशी की, त्यांनी त्या मुलाच्या शेजारी बसून त्याला एक प्रकरण मोठ्याने वाचावयास सांगावे. मग कोण प्रथम हसतो ते पाहावे.

चौथे पुस्तक इंग्रजीतील. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊंतील नरभक्षक वाघांच्या कथा १९४४ साली प्रसिद्ध झाल्या. शिकारीची पुस्तके आम्हांस फारशी प्रिय नाहीत, म्हणून आम्ही हे पुस्तक काहीशा नाखुशीनेच उघडले, आणि आमचा पूर्वग्रह पहिल्याच कथेने घालविला. चंपावतच्या वाघिणीने नेपाळात व कुमाऊंत मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. १९०७ साली कॉर्बेट तिच्या मागावर निघाले. पहिली रात्र आपण झाडास पाठ टेकून थरथरत कशी काढली, हे ते स्वतः सांगतात. शेवटचा बारही त्यांच्या स्वतःच्या बंदुकीचा नव्हता. तहसीलदाराची बंदूक हातात घेऊन त्यांनी तो टाकला. वाघीण पडल्यावर त्यांनी तिचे तोंड पाहिले, तो उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते. ती जुन्या गोळीची जखम होती. सुळे गेल्याने नेहमीचे भक्ष्य मारता येईना, म्हणून ती माणसांवर वळली होती. म्हणजे मूळ अपराध कोणा अनाम बंदूकवाल्याचा होता.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्यास सर्वजण दुष्ट म्हणतात त्याच्या तोंडातील मोडका सुळा पाहण्याची तसदी किती लोक घेतात? कॉर्बेटांनी ती घेतली. पुढे त्यांनी बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक जवळ केला. १९३६ साली कुमाऊंच्या पायथ्याशी स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानास नंतर त्यांचेच नाव मिळाले. आमच्या मते हे पुस्तक नववी-दहावीच्या मुलांनी मूळ इंग्रजीतच वाचावे. भाषा सरळ आहे, आणि पुढे काय होते या उत्कंठेने कठीण शब्दही आपोआप उलगडतात.

पाचवे पुस्तक वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर'. १९८१ सालापासून हे पुस्तक मराठी घरांत वाढदिवसाची आणि बक्षिसाची भेट म्हणून दिले जात आले आहे. अमेरिकेतील मिसूरी प्रांतात गुलाम आईच्या पोटी जन्मलेला जॉर्ज कार्व्हर लहानपणीच आईस मुकला. लुटारूंनी पळविलेले हे मूल त्याच्या मालकास परत मिळाले ते एका घोड्याच्या मोबदल्यात. तोच मुलगा पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, आणि १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून टस्कीगी येथील कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिकविण्यास गेला. कापसाने निःसत्त्व झालेल्या जमिनीत भुईमुगासारखी शेंगवर्गीय पिके घेतली, तर ती हवेतील नत्र मातीस परत देतात, ही गोष्ट त्याने दरिद्री शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन पटविली. आपल्याकडील शेतकऱ्याच्या मुलास हा भाग शाळेतील विज्ञानाच्या धड्याहून अधिक उपयोगी पडेल.

येथे आम्हांस थोडी टीकाही केली पाहिजे. या पुस्तकातील कार्व्हर फार क्वचित चुकतो. तो रागावत नाही, थकत नाही, हरत नाही. परिणामी वाचणाऱ्या मुलास वाटते की, हा मनुष्य आपल्यासारखा नव्हेच. आणि ज्याच्यासारखे आपण होऊ शकत नाही त्याला नमस्कार करून आपण मोकळे होतो. लेखिकेची भक्ती खरी आहे, त्याविषयी शंका नाही. परंतु भक्तीमुळे चरित्रनायक जितका उंच चढतो तितका तो वाचकापासून दूर जातो. दुसरे असे की, वक्तृत्वस्पर्धेत मुले 'शेंगदाण्याचे लोणी कार्व्हरने शोधून काढले' असे टाळ्यांच्या गजरात सांगतात. हे खरे नव्हे. माँट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ सालीच त्या प्रकारच्या पदार्थाचे पेटंट घेतले होते. कार्व्हरचे मोठेपण या लोण्यावर अवलंबून नाही. ते त्याने मातीस पुन्हा दिलेल्या कसावर आहे.

सहावे पुस्तक व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी'. १९५५ सालची ही लहानशी कादंबरी दोन दुपारींत वाचून होते. पण मनातून जाण्यास फार दिवस लागतात. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर नेमला जातो. वाडीत शाळेची इमारत आहे, मुले नाहीत. मुले मेंढरांमागे आहेत. वृद्ध कारभारी, शाळेतच मुक्काम टाकणारा आयबू, हलक्या हाताचा आनंदा रामोशी, अशी माणसे एकेक करून मास्तराभोवती जमतात. मास्तर वाडीकरांकडून तालीम बांधवून घेतो, तिच्या उद्घाटनास राजेसाहेब येतात, आणि आता सर्व काही सुरळीत होणार असे वाचकास वाटते. इतक्यात दुष्काळ पडतो. मेंढरे मरतात, घरे बंद होतात, वाडी ओस पडते.

शिक्षकाच्या पेशातील मनुष्यास हे पुस्तक वाचताना मनातून चरकल्याशिवाय राहत नाही. मास्तराने पुष्कळ केले, परंतु पाऊस त्याच्या हाती नव्हता. लेखक एका शब्दानेही रडत नाही, उपदेश करीत नाही, कोणास दोष देत नाही. जे दिसले ते सांगतो आणि बाजूस होतो. या सात पुस्तकांत लेखनाच्या दृष्टीने कोणते श्रेष्ठ, असे कोणी विचारलेच तर आम्ही 'बनगरवाडी'कडे बोट दाखवू. पण आमच्या घरातील एका कॉलेजात जाणाऱ्या तरुणीचे मत उलट पडले. त्यात काही घडतच नाही, असे तिचे म्हणणे. आम्ही दोन दिवस वाद घातला. शेवटी तिने तालमीच्या बांधणीची पाने काढून दाखविली आणि येथे आपणांस कंटाळा आला असे स्पष्ट सांगितले. आम्हांस ते पटले नाही. परंतु तिने पान दाखविले होते, म्हणून आम्ही वाद थांबविला.

आता सातवे पुस्तक, म्हणजे ज्यापासून आरंभ झाला ते 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात याचा बराचसा भाग लिहिला. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आम्ही ते मुद्दाम शेवटी ठेवले होते. त्या मुलाचा राग मनात ठेवून पोहण्याचा प्रसंग पुन्हा वाचला, आणि आम्ही चकित झालो. लेखकाने मार सौम्य केलेला नाही, त्यावर पांघरूण घातलेले नाही. मुलाचे भय, त्याचे लपणे, त्याचे रडणे, सर्व जसेच्या तसे आहे. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये म्हणून आईने हात उगारला, हे तिचे कारणही आहे. म्हणजे राग येण्यास जागा लेखकानेच ठेविली आहे. वर्गातील इतर सर्व मुले त्या जागेवरून डोळे मिटून गेली. एकटा तो मुलगा तेथे थांबला. पाण्याची भीती ज्याला ठाऊक आहे तोच तेथे थांबणार. त्याने श्यामची कथा आमच्यापेक्षा अधिक जवळून वाचली होती.

याचा अर्थ त्याचे मत आम्हांस सर्वस्वी मान्य झाले असा नव्हे. आईचा हेतू त्याने पुरता तोलला नाही, असे आम्हांस अजूनही वाटते. आणि पुस्तकाविषयी आमचेही एक मत आहे, जे आम्ही आजवर वर्गात बोलून दाखविले नव्हते. कित्येक प्रकरणांत अश्रू अधिक होतात, आणि कथा संपल्यावर तिचे तात्पर्य पुन्हा समजावून सांगितले जाते, तेव्हा कथेचा ठसा गडद होण्याऐवजी पुसट होतो. उलट, अळणी भाजीची रात्र पाहा. आई भाजीत मीठ घालावयास विसरते. राबून थकलेल्या माउलीचे मन दुखवू नये म्हणून वडील एक अक्षर न बोलता ती भाजी खातात. आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला चूक कळते. मिठाच्या एका चिमटीत त्या घरातील सारे प्रेम आले आहे. अशा पानांमुळेच हे पुस्तक इतकी वर्षे जगले, आणि पुढेही जगेल. पुस्तक थोर आहे म्हणून त्यातील उणीव सांगू नये असे नाही. उणीव सांगूनही ते थोर राहते, हीच त्याच्या थोरवीची खूण.

सात पुस्तकांच्या या प्रवासात एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. गोडसे भटजींचे भय, लक्ष्मीबाईंचा हट्ट, चिमणरावाची फजिती, कॉर्बेटांची थरथरती रात्र आणि पोहण्यास भिणारा श्याम, या सर्वांनी आपले उणेपण वाचकापुढे मोकळ्या मनाने ठेविले आहे. त्यांनी ते लपविले असते तर आज त्यांची पुस्तके कोणी वाचली नसती. जे लेखक इतके खरे बोलले, त्यांच्याविषयी आपण मात्र उसन्या शब्दांनी खोटे लिहावे, ही कृतघ्नता नव्हे काय? 'बोधप्रद' हा शब्द वाईट नाही. परंतु कोणता बोध, कोणत्या पानावर आणि कोणास झाला, हे ज्यास सांगता येत नाही त्याने तो वापरू नये.

पालकवर्गास आमचे नम्रपणे एवढेच सांगणे आहे. मुलाने पुस्तक संपविले म्हणजे 'यातून काय शिकलास?' असे एकदम विचारू नये. त्या प्रश्नास तो तुम्हांस आवडेल ते उत्तर देईल. 'तुला राग कोठे आला? हसू कोठे आले? कोणते पान कंटाळवाणे वाटले?' असे विचारावे आणि उत्तर तुमच्या मनासारखे नसले तरी ते पुरते ऐकून घ्यावे. परीक्षेच्या वर्षी अवांतर वाचन नको, असे पुष्कळ घरांतून म्हटले जाते. परीक्षेतील उत्तर दुसऱ्याचे पाठ करून कदाचित लिहिता येईल. पुढे आयुष्यात जे मत द्यावे लागते, पंचायतीत, कचेरीत किंवा स्वतःच्या घरात, ते कोणी आयते पुरवीत नाही. त्याची सवय पुस्तकांवर करावी, कारण पुस्तकावरचे मत चुकले तर कोणाचे नुकसान होत नाही.

सुटी संपून शाळा भरली, तेव्हा आम्ही त्या मुलास बोलाविले आणि त्याचे पहिले लिखाण मागितले. ते पान त्याने फाडून टाकले होते. आम्ही आमची चूक कबूल केली, आणि त्याची इच्छा असेल तर त्याने ते पुन्हा लिहून द्यावे, असे सुचविले. तो काही वेळ उभा राहिला. मग त्याने विचारले, "सर, खरे तेच लिहू काय?"

शाळेत शिकणाऱ्या मुलाने हा प्रश्न शिक्षकास विचारावा, आणि तो त्यास विचारावा लागावा, याहून अधिक लाजिरवाणा प्रसंग आमच्यावर आला नव्हता. त्याने लिहून आणलेले पान आता आमच्या मेजाच्या खणात आहे. ते पूर्वीपेक्षा मोठे झाले आहे, आणि त्यात आईविषयीचा राग तसाच असून अळणी भाजीविषयीही चार ओळी आहेत. त्यावर आम्ही तांबड्या शाईने काहीही लिहिलेले नाही.